दोन बेटं, तीन फेऱ्या

दरवर्षी गोव्याला जाणाऱ्या एखाद्या माणसाला विचारून बघा, ‘काय हो, कधी बेटावर राहिलात का?’ तो नाही म्हणेल. बेटं म्हणजे अंदमान, लक्षद्वीप, फार तर मालवणचा सिंधुदुर्ग. गोव्यात आपण हॉटेलात राहतो. आता ते हॉटेल पणजीत असेल, तर हा गृहस्थ वर्षानुवर्षं बेटावरच राहून येतो आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला काय म्हणतात, हे आपण चौथीत घोकलेलं असतं. पण पूल इतके झाले, की पाणी गाडीच्या काचेतून दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. तेवढ्यात एखाद्याचा फोन वाजला तर तेही दिसत नाही.

त्यामुळे बेटावर गेल्यासारखं वाटायला हवं असेल, तर पूल टाळून जावं लागतं. मांडवीच्या पात्रात, पणजी ज्यावर आहे त्या तिसवाडी बेटाच्या उत्तर अंगाला, दिवाडी आणि चोडण अशी दोन बेटं आहेत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत घालायची आणि दिवाडीवर उतरायचं. दिवाडी ओलांडून पलीकडच्या टोकाला गेलं की दुसरी फेरी. ती डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला सोडते. तिथून मयेवरून चोडणवर शिरायचं, कारण चोडणला त्या बाजूने रस्ता आहे. चोडणच्या पश्चिमेकडच्या टोकाजवळ तिसरी फेरी, ती रायबंदरला आणते; आणि रायबंदरहून पणजी म्हणजे पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या बांधावरून सरळ रस्ता. दोन बेटं, तीन फेऱ्या, सगळं मिळून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. पुण्यात आमच्या ओळखीतली माणसं हिंजवडीला जाऊन येण्यात याहून जास्त गाडी हाकतात.

एवढ्याशा सहलीची आखणी करायला आमच्या घरात बैठका बसल्या. मजा अशी, की पुण्याहून गोव्यापर्यंतच्या साडेचारशे किलोमीटरचा निकाल एका वाक्यात लागला. ‘निपाणीवरून आंबोली उतरू,’ असं दाजी म्हणाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. घाट, रस्त्याची कामं, कोल्हापूरला जेवायचं की सावंतवाडीला, हे सगळं आपोआप होईल यावर सर्वांचा विश्वास. वाद पेटला तो शेवटच्या चाळीस किलोमीटरवर. फेरी किती वाजता सुटते? गाडीला किती पैसे? गाडी सरळ चढवायची की रिव्हर्समध्ये? हँडब्रेक ओढला तरी गाडी सरकली तर? आणि आईचा प्रश्न, ज्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं : फेरीत गाडीतच बसून राहायचं, की उतरायचं?

माझी बायको आखणीच्या बाबतीत शिस्तीची. तिने वहीत रकाने पाडले. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबा, खाणं. पहिल्या दोन-तीन ओळी छान भरल्या. मग जुन्या गोव्याचा धक्का आला आणि ‘निघण्याची वेळ’ या रकान्यात पेन अडलं. आपल्या एसटीला वेळ असते, ती पाळली जात नाही ही गोष्ट वेगळी. पण उशीर झाला असं म्हणण्यापुरती तरी वेळ लागतेच. फेरीला वेळापत्रक असणारच, असं दाजींचं म्हणणं. सरकारी खातं चालवतं, नदी परिवहन खातं, मग कागद असणारच. कागद असेलही. पण धक्क्यावर उभा असलेला माणूस कागद बघत नाही, पलीकडच्या काठाकडे बघतो.

शेवटी मावशीला फोन लावला. मावशी लग्न होऊन माशेलला गेली त्याला जन्म लोटला. तिचं मराठी आता फोनवर पहिली दोन वाक्यं टिकतं, मग कोकणी सुरू होते. बायकोने रीतसर विचारलं, की मावशी, दिवाडीची सकाळची फेरी नक्की किती वाजता? पलीकडे जरा शांतता. मग मावशी म्हणाली, ‘अगे, फेरी येता आनी वता. तुका वेळ कित्याक जाय?’

येते आणि जाते, तुला वेळ कशाला हवी? बायकोने ते वाक्य जसंच्या तसं रकान्यात लिहिलं. वहीत तेवढी एकच नोंद अशी आहे, की जी कधी चुकणार नाही.

अण्णांचा मात्र अशा मोघम उत्तरांवर विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, फेरीवाल्याला विचारून काय होणार, त्याचा मालक चंद्र आहे. ते उठले, भिंतीवरचं कालनिर्णय खुंटीवरून काढलं आणि चष्मा लावून बसले. कोकणात बालपण गेलेल्या माणसाला भरती-ओहोटी काढायला फोन लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. आमच्या जाण्याच्या दिवशी षष्ठी होती. ‘सहा पाऊणे साडेचार,’ अण्णा म्हणाले. माझ्या लेकीने पाऊणकी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. अण्णांनी तिला तिथल्या तिथे एक पाऊण पाऊणपासून सुरुवात करून दिली. म्हणजे पहाटे साडेचारला भरती, पुन्हा संध्याकाळी पाचच्या आतबाहेर, आणि मधे सकाळी साडेदहा-अकराला सुकती. आणि आमच्या वहीत जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचण्याची वेळ होती साडेदहा.

सुकतीला पाणी उतरतं, बोट खाली जाते, धक्क्याचा उतार लांबतो, आणि दाजींची गाडी खालून जमिनीला घासते. रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, हे लक्षात आल्यावर अण्णांनी सहल दोन दिवस पुढे ढकलण्याची सूचना मांडली. ‘अष्टमीला बघा, आठ पाऊणे सहा. सुकती बारा-साडेबाराला. साडेदहाला पाणी बरं असेल.’ दाजींनी रजेचा अर्ज पाऊणकीवर मंजूर होत नाही असं सांगितलं. मला वाटतं, या ठोकळ हिशेबाने मांडवीतल्या फेरीचं काही अडत नसावं. दिवसभर, भरती असो की सुकती, तिथली माणसं येतात-जातात. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने पंचांग उघडल्याशिवाय आपल्याकडे कुठलाच प्रवास प्रतिष्ठित होत नाही.

मावशीकडे जाऊन-येऊन या फेऱ्या मला परिचयाच्या आहेत, म्हणून सांगतो, त्यात चढणं हा एक बघण्यासारखा प्रकार असतो. बोट धक्क्याला टेकते, लोखंडी फळी खडखडत काँक्रीटवर पडते, आणि ती नीट पडायच्या आतच दुचाकीवाले सुटतात. उतरणारे आणि चढणारे एकमेकांत घुसतात आणि कुणीही कुणाला लागत नाही. मग पायी माणसं : मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, शाळेचे गणवेश, बँकेतला कुणीतरी, आणि सायकलच्या मागे पावाची भलीमोठी टोपली बांधलेला पोदेर, ज्याचा भोंपू तिथेही वाजल्याशिवाय राहत नाही. सगळ्यात शेवटी गाड्या. बोटीवरचा माणूस पाठमोरा उभा राहून एका हाताने खुणा करतो, ये, ये, डावीकडे, आणखी ये, आणि मग बॉनेटवर तळहाताने एक थाप मारतो. ती थाप म्हणजे थांब. पुण्यात कुणी आपल्या गाडीवर अशी थाप मारली तर चौकात दोन तास वाद होईल. इथे गाडीचा मालक आज्ञाधारकपणे ब्रेक दाबतो. आरसे मिटतात, दारं अर्धीच उघडतात, आणि कालपर्यंत ‘माझी गाडी’ म्हणून मिरवणारा माणूस दोन स्कूटरींच्या मधून पोट आत घेऊन बाहेर निघतो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. उतरायचंच. कारण गाडी चालवणाऱ्याच्या हातात त्या वेळी काही नसतं, आणि ही गोष्ट त्याच्या घरच्यांना फार क्वचित बघायला मिळते. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, पुढच्याला शिव्या घालायची सोय नाही. मधेच खनिजाची बार्ज आडवी आली तर तिला आधी जाऊ द्यावं लागतं. मग तो कठड्याला टेकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला, जी गेले पाचशे किलोमीटर मागच्या सीटवर बसलेली असते, पहिल्यांदा काहीतरी विचारतो.

आखणीत सगळ्यात मोठा पेच होता तो दोन गाड्यांचा. आमची एक आणि ताई-दाजींची एक. फेरीत चारचाकींना जागा बेताची. पुढे दूधवाल्याचा टेंपो किंवा वाळूचा ट्रक असला तर आमच्यातली एक गाडी चढणार आणि दुसरी धक्क्यावर राहणार, हे उघड होतं. म्हणजे अर्धं कुटुंब दिवाडीवर आणि अर्धं जुन्या गोव्यात. एवढ्यात आईच्या लक्षात आलं, की खाण्याचा डबा कुठल्यातरी एकाच गाडीत असणार. त्यानंतरची चर्चा डबा कुठल्या गाडीत ठेवायचा यावर होती. दोन डबे करावेत, अशी तडजोड सुचवली गेली. पण मग चटणी कुणाकडे?

जुन्या गोव्याच्या त्या धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याचा व्हाइसरॉय झाला, तेव्हा त्याने पणजोबांच्या स्मरणार्थ ती उभारली. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीवर उतरून त्याच कमानीतून शहरात शिरायचा. नदीकडच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे. आमच्या गाड्या चकलीच्या डब्यासह त्याच्याच पायाखालून उलट दिशेने, शहरातून नदीकडे जाणार. पोर्तुगिजांची एवढी मोठी राजधानी, पण ताप आणि पटकीच्या साथींनी ती रिकामी केली. आता तिथली मोठमोठी चर्चं आणि पर्यटकांच्या बसगाड्या सोडल्या, तर रोज सकाळी घाईने जाणारी माणसं दिसतात ती फक्त फेरीकडे जाणारी.

दिवाडीवर बघायचं काय, असा प्रश्न बैठकीत आलाच. खरं तर काही नाही, आणि म्हणूनच जायचं. भातशेती, बांध, जुन्या ओसऱ्यांची घरं, टेकडीवर एक पांढरं चर्च. टेकडीवरून सगळी मांडवी दिसते, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात, आणि पुलावरून धडधडत जाणारी कोकण रेल्वेही दिसते. ती दिवाडीवरून जाते, पण थांबत नाही. त्या टेकडीवर पूर्वी गणपतीचं देऊळ होतं असं सांगतात. चर्चशेजारच्या दफनभूमीत एका छोट्या वास्तूच्या छताला कदंबांच्या काळचं कोरीव काम अजून आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेराम होतो : वाड्यावाड्यांचे झेंडे, आणि ते पाडायला बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका. पूर्वी वाड्यांमधल्या जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून हद्दीवर झेंडे लावले गेले, आणि लोकांनी ते पाडले, त्याची ही आठवण. भांडणाचा सण करून टाकणारं गाव मला फार आवडतं. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांवरून हे सहज सुरू करता येईल.

दुसरी फेरी मात्र नुसती मौज म्हणून ओलांडता येत नाही. दिवाडीच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. बिरुदांतही ते त्याचं नाव लावायचे. चौदाव्या शतकात बहमनींच्या काळात ते पाडलं गेलं, पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. मग पोर्तुगीज आले. १५६०च्या सुमारास देऊळ पुन्हा जमीनदोस्त झालं, आणि लोकांनी लिंग नदीपलीकडे नेलं. नदीपलीकडे म्हणजे किती लांब? आज ही फेरी जेवढा वेळ घेते तेवढं. एक पेपर अर्धा वाचून होईपर्यंत बोट पोचते. पण या काठावर पोर्तुगिजांचं राज्य आणि इन्क्विझिशनचं भय, त्या काठावर आदिलशाही. देवाला तिथे नवीन नार्वे मिळालं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याचा शिलालेख दारावर आहे. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते नव्याने खुलं झालं.

हे एकटं देऊळ नाही. दिवाडीचा गणपती खांडेपारवरून माशेलजवळ खांडोळ्याला गेला. चोडणची देवकी-कृष्णाची मूर्ती आधी मयेला आणि मग माशेलला. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला. गोव्याच्या देवांचे मूळ पत्ते आणि आताचे पत्ते यांच्या मधे बहुतेक वेळा एक नदी असते. आम्ही मयेवरून चोडणला जाणार म्हणजे देवकी-कृष्ण ज्या वाटेने बाहेर पडले त्याच वाटेने उलटे आत जाणार. ते रात्री, घाईत, कुणी बघू नये म्हणून गेले असतील. आम्ही एसी लावून, गाणी लावून, ‘पुढे उजवीकडे वळा’ ऐकत जाणार. मावशीच्या गावात देवकीच्या कडेवर कृष्ण आहे, तिचं दर्शन मी लहानपणापासून घेत आलो. ती तिथली मूळची नाही, हे कळायला नकाशावर दोन बेटं नीट बघावी लागली.

चोडणला पोचेपर्यंत दुपार होईल असा अंदाज आहे. पक्षी सकाळी दिसतात, हे लेकीने आम्हाला बजावून सांगितलंय; तिची या सहलीतली एकमेव मागणी सलीम अली पक्षी अभयारण्य ही आहे. फेरीच्या धक्क्याजवळच ते सुरू होतं. दोन चौरस किलोमीटरही नाही, नुसती खारफुटी. खंड्या, बगळे, लालपिंगट पंखांची घार. चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. मगरी आहेत, हे कळल्यावर आई चप्पल बदलणार आहे. चप्पल बदलल्याने नेमका काय फरक पडतो, ते मला कळलं नाही. चोडण-दिवाडीची खरी करामत मात्र खारफुटीच्या अलीकडे आहे : खाजन शेती. भरतीचं खारं पाणी अडवायला बांध, आणि त्यात लाकडी दारांची मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर काढतं. त्या खारवट जमिनीत कोरगुट नावाचा भात येतो. शेकडो वर्षं हे दार चंद्राच्या तंत्राने चालू आहे आणि त्याला पाऊणकी शिकवावी लागली नाही. अण्णांना हे दाखवायचं आहे. ते बराच वेळ तिथे उभे राहतील. म्हणून त्या रकान्यात बायकोने वेळ लिहिलेलीच नाही.

आता पुलाचं बोललं पाहिजे, कारण पुण्यातली माणसं फेरीच्या प्रेमात पडली की लगेच पुलाच्या विरोधात जातात. ‘पूल होण्याआधी जाऊन या,’ असं जो तो सांगतो. बोलणारा रात्री आपल्या घरी येऊन झोपतो. बेटावरच्या माणसाला रात्री मुलाचा ताप चढला तर तो बोटीची वाट बघत बसतो. पूल हवा की नको, यावर या बेटांवर वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी बोललं जातं. एक म्हणतो, पूल झाला की दवाखाना जवळ. दुसरा म्हणतो, पूल झाला की बिल्डर जवळ. दोघंही खरं बोलतात, आणि निर्णय त्यांचा आहे. वर्षातून एकदा चकली घेऊन जाणाऱ्याचा नाही.

शिवाय मांडवीचा अनुभव असा, की पूल आणि फेरी एकमेकांचे शत्रू नाहीत. पणजीच्या पहिल्या मोठ्या पुलाचं काय झालं ते तिथल्या माणसांच्या चांगलं लक्षात आहे. १९७० साली झालेला तो पूल १९८६च्या जुलैत पडला. राजधानी आणि बार्देश यांच्यामधली सगळी माणसं, गाड्या, भाजी, ऑफिसं पुन्हा फेरीवर आली. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. तोवर ज्यांचं लग्न झालं, त्यांच्या वराती फेरीतून गेल्या. आज तिथे शेजारी शेजारी तीन पूल आहेत, आणि खाली पणजी-बेतीची फेरी आपली चालूच आहे. कुणी गाडीचं पेट्रोल वाचवायला, कुणी वाहतूककोंडी टाळायला, कुणी उगीच तिच्यात बसतं.

मला विचाराल तर या तीन फेऱ्यांचं मोल नेमकं तिथे आहे, जिथे आमची आखणी अडली. ज्या पाण्याने कुणाच्या देवाने कुठे राहावं हे ठरवलं, ते पाणी आता एक पाव खाऊन संपेपर्यंत ओलांडता येतं. ते इतकं सोपं झालं, यात आनंद आहे. पण ते सोपं झालंय हे कळायला निदान एकदा धक्क्यावर उभं राहून, ‘आली का रे बोट?’ असं विचारावं लागतं. पुलावरून जाताना नदी ही गोष्ट ऐंशीच्या वेगाने मागे पडते आणि तिने काय काय अडवलं होतं याचा विचार करायला वेळच मिळत नाही. वेळ मिळावा म्हणून मुद्दाम वाट बघणं, हे आमच्या दाजींना पटत नाही. त्यांचं म्हणणं, वाट बघायचीच असेल तर पुण्यात सिग्नल काय कमी आहेत?

दाजींचा खरा पेच वेगळाच आहे. ते गाडीच्या ॲव्हरेजची डायरी ठेवतात. किती लिटर भरलं, किती किलोमीटर गेलो, सगळी सहल त्यांच्याकडे दशांश चिन्हासह लिहिलेली असते. त्यांनी बैठकीत प्रश्न टाकला : फेरीत गाडी नदी ओलांडते, पण चाकं फिरत नाहीत, मीटर पुढे जात नाही. मग ते अंतर प्रवासात धरायचं की नाही? अण्णा म्हणाले, धरू नका, पेट्रोल जळलं नाही. दाजी म्हणाले, म्हणूनच धरायला हवं, ॲव्हरेज वाढेल. हा वाद बराच लांबला.

तो मावशीनेच मिटवला. तिचा पुन्हा फोन आला, आणि सगळा पेच ऐकून ती म्हणाली, ‘दोन गाडयो कित्याक?’ फेरीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत, दुचाकी कुठेही शिरते, अडतं ते चारचाकीचंच. एक गाडी माशेलला तिच्या अंगणात ठेवायची. अण्णांच्या गुडघ्यांसाठी दुसरी न्यायची, तीत आम्ही पाच. आणि ताई-दाजींनी भाड्याने स्कूटर घ्यायची. प्रत्येक फेरीत ती आधी चढेल, आधी उतरेल, आणि पलीकडे जाऊन सावलीत जागा धरून ठेवेल. डबा आमच्या गाडीत, चटणी ताईच्या पर्समध्ये. बायकोने वहीत सगळं नव्याने लिहिलं आणि पहिल्यांदाच कुणी हरकत घेतली नाही.

फक्त दाजी जरा गप्प आहेत. गोव्यात भाड्याची स्कूटर मिळते तेव्हा तिच्या टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत जाण्यापुरतं असतं, आणि आधीच्या गिऱ्हाइकाने नेमकं किती ठेवलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे सुरुवातीचा आकडाच नाही. डायरी त्यांनी घरी ठेवायची ठरवली आहे. ताई म्हणते, फेरी मिळो न मिळो, आपली सहल इथेच वसूल झाली.